सर्व्हो : उलट निरोप देणारे यंत्र

व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की हा युनियनवाला माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी कामगारांवर बोलेल, फार तर गिरणीच्या संपांचा इतिहास सांगेल. मी म्हणालो, रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीची चाके वळवणारी एक डबी असते, तिचा इतिहास सांगतो. चालक सभ्य गृहस्थ, ते काही बोलले नाहीत; पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला दिसले. म्हणून आधी ती डबीच आपल्यापुढे ठेवतो आणि मग तिची वंशावळ सांगतो.

आगपेटीपेक्षा थोडी जाड अशी ही प्लॅस्टिकची डबी. वजन 40 ग्रॅमच्या आतबाहेर. हिच्यातून तीन वायरी निघतात. दोन विजेच्या आणि एक हुकमाची. वरच्या अंगाला दाते असलेला एक आस आहे. त्यावर एक छोटा हात बसवतात, त्याला मुले 'हॉर्न' म्हणतात. या हाताला एक दांडी आणि दांडीचे दुसरे टोक मोटारीच्या पुढच्या चाकांना. मैदानाच्या कडेला उभा असलेला मुलगा हातातल्या रेडिओचे चाक बोटाने जरासे फिरवतो आणि पन्नास पावलांवरची मोटार तेवढीच वळते.

'तेवढीच' या एका शब्दावर माझे सगळे व्याख्यान उभे आहे. डावीकडे वळ म्हटल्यावर वळणे कोणत्याही मोटरला जमते. पण इतकेच वळ, तिथेच थांब, आणि खड्ड्याने धक्का दिला तरी तिथेच राहा, हे यंत्राला शिकवायला माणसाला फार वर्षे लागली.

या गोष्टीचा आरंभ समुद्रावर होतो. जहाजे वाफेवर चालू लागली, लोखंडाची झाली, लांबत गेली; पण त्यांचे सुकाणू मात्र माणसाच्या दंडांनीच फिरत राहिले. आपल्या रत्नागिरीकडची कितीतरी माणसे ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून गेली. त्या खलाशांच्या उतरंडीत सारंग, टिंडाल आणि सुकाणी अशी पदे असत. सुकाणी म्हणजे सुकाणू धरणारा; इंग्रजांनी त्याचाच 'सीकनी' केला आणि आपल्या कोशात नेऊन ठेवला. हे काम किती जड होते याची कल्पना एका उदाहरणाने येईल. इंग्लंडच्या आरमारात मिनोटॉर नावाची चिलखती युद्धनौका होती. 1860च्या दशकात तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा सुकाणू एका बाजूला पुरते न्यायला 18 माणसे चाकावर आणि 60 माणसे दोरखंडांवर लागली, आणि तरी दीड मिनिट गेले. म्हणजे 78 माणसे! आमच्या औद्योगिक वसाहतीत एवढ्या माणसांत एक कारखाना चालतो.

त्याच काळात ब्रुनेल या अभियंत्याचे 'ग्रेट ईस्टर्न' हे जहाज होते. लांबी 692 फूट. 1858 साली ते पाण्यात उतरले, तेव्हा जगात एवढे मोठे जहाज दुसरे नव्हते. 1861च्या सप्टेंबरात अटलांटिकच्या वादळात त्याचे सुकाणू निकामी झाले आणि तो लोखंडी डोंगर ओंडक्यासारखा लाटांवर पडून राहिला. पुढे 1866 साली जॉन मॅकफार्लेन ग्रे याने वाफेने सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते यंत्र या जहाजावर बसले.

आता या यंत्राची खुबी नीट पाहा, कारण आपल्या डबीत आजही तीच आहे. सुकाण्याने चाक फिरवले की सुकाणू फिरत नाही. फक्त वाफेची एक झडप उघडते. वाफ इंजिनात जाते, इंजिन सुकाणू ओढू लागते. इथवर काही विशेष नाही. विशेष पुढे आहे. सुकाणू जसजसे फिरते, तसतशी त्या इंजिनाचीच चाल तीच झडप उलट बाजूने मिटवत आणते. चाकाने जेवढी उघडली तेवढी इंजिनाने मिटवली की सुकाणू बरोबर सांगितल्या जागी आलेले असते, आणि इंजिन थांबते. हुकूम वरून खाली गेला, तसा 'मी इथवर आलो' हा निरोप खालून वर आला. या उलट निरोपाविना हुकमाला काही किंमत नाही, हे त्या यंत्राचे मर्म.

मौज अशी की हे जहाज आपल्या मुंबईच्या बंदरात येऊन गेले आहे. 1870 साली मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारेची केबल टाकण्याचे काम 'ग्रेट ईस्टर्न'नेच केले. मुंबईचा निरोप समुद्राखालून लंडनला जाऊ लागला तो त्याच वर्षी.

यंत्राचे बारसे मात्र फ्रान्समध्ये झाले. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने जहाजांसाठी असेच यंत्र केले, आणि 1873 साली त्यावर पुस्तक लिहून त्याला 'सर्व्होमोटर' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'सर्व्हुस' म्हणजे गुलाम. फार्कोने नावाचा अर्थही सांगून टाकला : गुलाम केलेली मोटर. मी शाळा नववीत सोडली. हा शब्द मला प्रथम भेटला तो कारखान्यातल्या यंत्राच्या पाटीवर, आणि त्याचा अर्थ मला पुढे वाचनालयातल्या कोशात सापडला. तेव्हा मला राग आला होता. आता राग नाही, पण नाव चुकले असे माझे ठाम मत आहे. गुलामाला कोणी विचारत नाही की तू कुठवर आलास. या यंत्राला मात्र क्षणोक्षणी तेच विचारले जाते, आणि ते जे उत्तर देते त्याप्रमाणे पुढचा हुकूम बदलतो. मी नाव ठेवले असते तर कारभारी ठेवले असते. असो.

हुकूम हवेतून पाठवण्याचे काम निकोला टेस्ला याने करून दाखवले. 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या हौदात एक लहान होडी सोडली आणि तारेवाचून, दुरून ती वळवली. आजच्या सगळ्या खेळण्यातल्या मोटारी, होड्या आणि विमाने या होडीची नातवंडे.

मध्ये एक प्रकरण आहे. ते माझ्या धंद्यातले असल्याने टाळत नाही. 1922 साली निकोलस मिनॉर्स्की याने जहाज आपोआप सुकाणू धरील अशा व्यवस्थेचे गणित मांडले. त्याने एक शहाणपण केले. जाणता सुकाणी प्रत्यक्ष काय करतो ते त्याने आधी पाहिले. सुकाणी नुसते जहाज किती भरकटले एवढेच पाहत नाही, ते किती वेगाने भरकटते आहे हेही पाहतो आणि आधीच हात आवरतो. ही हाताची विद्या गणितात उतरली. अमेरिकेच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या, त्या उत्तम झाल्या. पण जहाजावरच्या माणसांनी या यंत्राला कडवा विरोध केला आणि ते काढून ठेवण्यात आले. यावर यंत्रविरोधी अडाणी खलाशी असा शेरा मारणे सोपे आहे. मी मारणार नाही. आपल्याच हातातली विद्या आपल्याला न विचारता पेटीत भरली गेली, तर माणूस खुशीने टाळ्या वाजवील ही अपेक्षा धरणारा कधी पाळीवर उभा राहिलेला नसतो.

हौशी मंडळींकडे वळू. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 1937च्या सुमारास 'गफ' नावाचे रेडिओवर चालणारे लहान विमान उडवले. त्यात आजच्यासारखा सर्व्हो नव्हता. पिळलेल्या रबरावर चालणारी एक खिटी होती. इशारा गेला की खिटी सुटे आणि सुकाणू एका बाजूला पुरते जाई. इशारा सोडला की मध्ये येई. पुढच्या इशाऱ्याला दुसऱ्या बाजूला. डावे की उजवे याचा हिशेब उडवणाऱ्याने मनात ठेवायचा. हिशेब चुकला की विमान झाडात. पुढे 1950च्या दशकात निरनिराळ्या सुरांना थरथरणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे रेडिओ आले. त्यांत डावे, उजवे, वर, खाली असे वेगवेगळे हुकूम देता येत. तरी 'तेवढेच' ही गोष्ट साधली नव्हती.

ती साधली 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. डग स्प्रेंग आणि डॉन मॅथिस यांच्या 'डिजिकॉन' संचाचे नाव या कामी आदराने घेतात. तेव्हा जी रीत पडली ती आजही चालू आहे. हुकमाच्या वायरीवर सेकंदाला सुमारे 50 वेळा विजेचा एक ठोका येतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर हात मधोमध. एक मिलिसेकंदाचा तर एका टोकाला. दोनाचा तर दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रत्येक लांबीला मधली जागा. डबीत आत एक इवलीशी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची माळ, आणि शेवटच्या आसाला जोडलेला पॉट, म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणातला तोच बदलता रोध. आस कुठे आहे ते पॉट सांगतो, कुठे हवा ते ठोका सांगतो. दोहोंत फरक असेतो मोटर फिरते, फरक संपला की थांबते. म्हणजेच मॅकफार्लेन ग्रेची झडप. फक्त 692 फुटांचे जहाज जाऊन वीतभर मोटार आली.

जपानच्या तामिया कंपनीने 1976 साली पोर्शे 934 ही विजेवर चालणारी मोटार बाजारात आणली आणि हा छंद घरोघर गेला. त्या काळच्या मोटारींत दोन सर्व्हो असत : एक चाके वळवायला, दुसरा वेग कमीजास्त करणाऱ्या रोधाची पट्टी सरकवायला. पुढे वेगाचे काम इलेक्ट्रॉनिक सर्किटने घेतले आणि विजेच्या मोटारीतल्या दुसऱ्या सर्व्होची नोकरी गेली. इंधनावर चालणाऱ्या मोटारीत तो कार्ब्युरेटर उघडायला आणि ब्रेक दाबायला अजून कामावर आहे.

इतका इतिहास मी शिकलो त्याला कारण आमच्या युनियनमधले एक निवृत्त फिटर. टूलरूममध्ये उभी हयात गेली. आता वस्तीतली मुले दर रविवारी त्यांच्या ओट्यावर मोडक्या मोटारी घेऊन जमतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. एकदा मी बसलो असताना एक मुलगा रडवेला होऊन आला. पाण्याचे जार पोचवून साठवलेल्या पैशांतून त्याने दहापट लहान आकाराची मैदानी मोटार घेतली होती. तिचा सर्व्हो जळला. त्याने अधिक जोराचा घेतला, तोही जळला. तिसरा त्याहून दांडगा आणि धातूच्या गिअरचा घेतला, तर आता मोटार भर वेगात मध्येच बेभान होई. "काका, कंपन्या चोर आहेत," तो म्हणाला.

काकांनी एकच स्क्रू काढला आणि हॉर्न सर्व्होवरून उतरवला. "आता रेडिओ फिरव." बिनबोज्याचा सर्व्हो आवाज न करता सुरळीत डावीउजवीकडे गेला. मग काकांनी पुढची चाके बोटाने वळवून मुलाला तसेच करायला लावले. ती वळेनात. दांड्यांच्या सांध्यातले बुश तांबड्या मातीने गच्च झाले होते. "मजूर बरा आहे," काका म्हणाले, "गाडा रुतलाय." पहिले दोन सर्व्हो रुतलेला गाडा ओढताना मेले. तिसरा मेला नाही. पण तो इतकी वीज ओढू लागला की रेडिओच्या वाट्याला ती पुरेना. म्हणून मोटार बेभान होत होती.

निवड करताना लोक आधी जोराचा आकडा पाहतात, म्हणून तो समजून घेऊ. डबीवर किलो-सेंटिमीटर असे माप असते. फुताबाच्या एस 3003 या साध्या, जुन्या सर्व्होचा जोर 4.8 व्होल्टवर 3.2 आहे, म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर तो 3.2 किलो पेलील, दोन सेंटिमीटरवर त्याच्या निम्मे. तेव्हा लांब हॉर्न लावणाराने जोर निम्मा केला असे समजावे. दुसरा आकडा वेगाचा : तोच सर्व्हो 60 अंश वळायला 0.23 सेकंद घेतो. रस्त्यावरच्या शर्यतीला वेग हवा, दगडांवर चढणाऱ्या गाडीला जोर. दोन्ही हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. व्होल्ट मात्र आधी वाचावे. 6 व्होल्टच्या सर्व्होला 7.4 दिले तर तो जास्त जोर दाखवतो, पण फार दिवस नव्हे. डिजिटल सर्व्हो मोटरला सेकंदाला कैक पट अधिक वेळा सावरतो, म्हणून जागा घट्ट धरतो. पण वीजही जास्त खातो. आणखी एक किरकोळ वाटणारी, पण दुकानात फसवणारी गोष्ट : आसाच्या दात्यांची संख्या. फुताबाचे 25, हायटेकचे 24, सान्वाचे 23. दुसऱ्याचा हॉर्न ठोकून बसवू नये.

गिअरच्या बाबतीत मी काकांच्या बाजूचा आहे, मुलांच्या नव्हे. मुलांना धातूचे हवे असतात. नायलॉनचा दाता धडकेत तुटतो हे खरे, पण तुटून तो मोटरला वाचवतो आणि गिअरचा संच बदलता येतो. धातूचा दाता धक्का आत पोचवतो. जोराची मोटार असेल तर धातूचे घ्यावेत, पण मग मध्ये स्प्रिंगचा 'सर्व्हो सेव्हर' हवाच. त्याचे काम धक्का आपल्या अंगावर घेण्याचे.

निगा म्हणजे काय? धुळीत चालवून आणल्यावर ब्रशने झटकणे, पाण्याच्या फवाऱ्याने नव्हे. चाके हाताने जोरात वळवू नयेत, कारण गिअर उलटे चालून दाते झिजतात. हॉर्न बसवताना आधी रेडिओ सुरू करून सर्व्हो मध्यावर आणावा आणि मगच स्क्रू आवळावा. चाके वळून अडली तरी सर्व्हो पुढे रेटत असेल तर रेडिओवर त्याच्या धावेची हद्द कमी करावी. पुरत्या वळणावर येणारी ती घुंs घुंs म्हणजे मोटर जागच्या जागी भाजते आहे. मध्यावर थरथर असेल तर पॉट मळला किंवा झिजला. एकाच जागी उडी मारत असेल तर एखादा दाता गेला. डबी उघडलीच तर गिअर कोणत्या क्रमाने निघाले ते लक्षात ठेवावे, दात्यांना ग्रीसचे बोट लावावे आणि पॉटला मुळीच लावू नये.

ही घुंs घुंs आणि ही थरथर म्हणजे त्या डबीचे निरोपच आहेत. मला त्या दिवशी ओट्यावर एक जुनी चौकशी आठवली. एका कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या लेथची मोटर दोनदा जळली, आणि दोन्ही वेळा पाळी एकाच कामगाराची. ती मोटरही सर्व्होच, टूलपोस्ट सरकवणारी. हलगर्जीपणाचे आरोपपत्र आले, माणूस निलंबित झाला. चौकशीत त्याच्या वतीने मी बसलो आणि यंत्राचे कळावे म्हणून काकांना जवळ घेतले. काकांनी पाळीचे रजिस्टर मागवले. मोटरवर जादा बोजा येत असल्याची सूचना यंत्राच्या पडद्यावर तीन आठवडे येत होती. त्या कामगाराने ती स्वतःच्या अक्षरात सहा वेळा नोंदवली होती, आणि प्रत्येक वेळी बटण दाबून ती पुसून काम पुढे रेटण्यात आले होते. सरकपट्टीला तेल नेणारी नळी तुंबली होती. यंत्राने निरोप दिला, माणसाने निरोप दिला. घेणारा कोणी नव्हता. आरोप मागे घेतला गेला. निलंबनाच्या काळातला अर्धा पगार मात्र त्याला शेवटपर्यंत मिळाला नाही.

मुलाच्या मोटारीचे काम त्या रविवारी दोन तास चालले. बुश रॉकेलने धुतले, एक बेअरिंग बदलले, रेडिओवर वळणाची हद्द बांधली. तो दांडगा सर्व्हो काकांनी काढून ठेवला आणि आपल्या डब्यातला एक साधा, नायलॉनच्या गिअरचा सर्व्हो उघडून, पुसून, दात्यांना ग्रीस लावून बसवला. झाकण मिटवण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली. मुलाने विचारले, ही कशाला? काका म्हणाले, "पुढच्या खेपेला उघडशील तेव्हा याला विचारू नकोस, स्वतःला विचार." दोन पावसाळे झाले, त्या तारखेखाली आता आणखी तीन तारखा आहेत, आणि शेवटच्या दोन मुलाच्या अक्षरात.